शेवटचं पान आधी

तेंदूपत्त्याचा हंगाम पुन्हा सुरू झाला. पहाटेच गावातल्या बाया डोक्याला फडकी गुंडाळून जंगलात जातात आणि ऊन चढायच्या आत पानांची गाठोडी घेऊन परत येतात. मग दिवसभर घरोघरी ओसरीवर पुडे बांधणं चालतं. सगळ्या गल्लीत त्या हिरव्या पानाचा तुरट वास भरतो. पूर्वी मला हा वास आवडायचा. आता नाही आवडत. या वासानं माझं तोंड कडू होतं. यंदा तर जास्तच, कारण पुडा बांधताना दाताखाली सालीचा वाक धरून माझ्याशी बोलणारी माझी बायको कौसल्या यंदा नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली.

त्यात माझ्या नातीनं विषय काढला. नातीचं नाव मेघा, ती चंद्रपूरला कॉलेजात शिकते. तिथं तिला भाषण करायचं आहे, रहस्यकथेत उत्कंठा कशी निर्माण होते यावर. खाटेवर मांडी घालून तिनं ते मला वाचून दाखवलं. पहिल्या पानावर मुडदा पाडावा. मग घरातल्या प्रत्येकावर थोडा थोडा संशय टाकावा. वाचणाऱ्याचा श्वास अडकेल अशाच जागी प्रकरण तोडावं. जे माहीत आहे ते सांगायला उशीर करावा, जितका उशीर तितकी गोडी. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "आबाजी, कसं वाटलं?"

मी म्हणालो, "किळस आली."

ती हसली. तिला वाटलं म्हातारा गंमत करतो. मी गंमत करत नव्हतो. म्हणून हे लिहायला बसलो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं अंगण. चुका माझा मुलगा दिवाकर सुधारून देईल. पण मजकूर बदलायचा नाही, हे त्याला बजावून ठेवलं आहे.

उत्कंठा हा शब्द मला मेघाकडून कळला. आम्ही आपले म्हणायचो, जीव टांगून ठेवला. यात निदान एवढं तरी दिसतं की कोणीतरी टांगणारा आहे आणि कोणीतरी टांगलेला. उत्कंठा म्हटलं की दोघंही झाकले जातात, आणि जणू ती आपोआप आभाळातून पडते.

मी कोणाला टांगून ठेवणार नाही. आधीच सांगून टाकतो. पन्नास सालानंतरच्या एका हंगामात माझा सासरा मेला. अस्वलानं फाडला. तो लगेच मेला नाही, नाल्याच्या काठी बराच वेळ जिवंत पडून होता. पान घेणाऱ्या ठेकेदाराच्या मुनशीला ते कळलं होतं आणि त्यानं सांगितलं नाही. तो आम्हाला खुनाची गोष्ट वाचून दाखवत राहिला आणि आम्ही ऐकत राहिलो. कौसल्या, म्हणजे मरणाऱ्याची मुलगी आणि माझी बायको, तीही ऐकत राहिली. झालं, सांगून झालं. आता ज्याला पुढं वाचायचं असेल त्यानं वाचावं. नसेल त्यानं उठून जावं, मला राग नाही.

तेव्हा गडचिरोली वेगळी नव्हती, सगळा चांदा जिल्हाच होता. आमचं गाव चामोर्शीच्या बाजूला, धानाचं. धान संपलं की मोह वेचायचा, मोह संपला की पान तोडायचं. माझं लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं. कौसल्याच्या हातावरची हळद अजून नखांत होती आणि आम्ही दोघं जंगलात पान तोडत होतो. तिचा बाप, ज्याला मी मामाजी म्हणायचो, लेकीच्या ओढीनं आमच्याच गावाच्या फळीवर पान आणायला आला होता. त्याच्या गावाकडं पानं काय कमी होती? पण लेक इथं होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, फळी म्हणजे तेंदूची पानं घ्यायची जागा. जंगलाच्या कडेला वाळूची सपाट जमीन असते. तिथं ठेकेदाराचा मुनशी बसतो. लोक पानं आणतात, सारख्या मापाची पानं एकावर एक रचून झाडाच्या सालीच्या वाकानं पुडा बांधतात आणि वाळूवर रांगा लावून वाळत घालतात. पान त्याच दिवशी बांधावं लागतं. उन्हात मोकळं राहिलं की कडा वळतात, मग ते बिडीला चालत नाही. म्हणजे पान एकदा तोडलं की माणूस त्या पानाला बांधलेला. उठून जाता येत नाही. मुनशीला हे बरोबर माहीत होतं.

मुनशी बाहेरचा होता. कुठला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पांढरी टोपी, बारीक मिशी आणि आवाज असा की ऐकत राहावं. त्याच्याजवळ पत्र्याची एक पेटी होती आणि त्या पेटीत एक पुस्तक. वर किंचाळणाऱ्या बाईचं चित्र, बाईच्या मागं नुसता एक हात. दुपारी आम्ही बेहड्याच्या मोठ्या झाडाखाली पुडे बांधायला बसलो की तो ते पुस्तक काढायचा आणि मोठ्यानं वाचायचा. आमच्यात वाचता येणारे दोघंतिघं, मी त्यातला एक. बाकीच्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकातली गोष्ट ऐकली ती त्याच्या तोंडून.

गोष्ट शहरातली होती. एका मोठ्या बंगल्यात एक श्रीमंत म्हातारा दिवाणखान्यात मेलेला सापडतो. मग त्याची बायको, त्याचा भाऊ, घरचा डॉक्टर, गडी, सगळे संशयात. आमच्यात तुळसा नावाची एक म्हातारी होती, तोंडानं फटकळ. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, दिवाणखाना म्हणजे काय. मुनशीनं सांगितलं, बसायची खोली. तुळसाबुढी म्हणाली, "बसाले अलग खोली? मंग तो मरनच. एकटा बसला का मानूस मरतेच." सगळे हसले. मुनशीही हसला. हसू थांबायची वाट पाहून त्यानं आवाज खाली आणला आणि पुढचं वाक्य वाचलं. त्याला कला येत होती, हे मी नाकारत नाही.

कला काय होती ते मला तेव्हाच दिसलं होतं, पण नाव देता आलं नव्हतं. दार उघडायच्या बेतात असायचं, कोणीतरी जिन्यावर असायचं, बाईच्या गळ्यापाशी सावली यायची, आणि मुनशी पुस्तक मिटायचा. सुपारी कातरायला घ्यायचा. आमच्याकडं पाहायचा. "बाकी उद्या. उद्या पान चांगलं आणा." लोक चुकचुकायचे, पाया पडायचे, काहीजण शिव्या द्यायचे. आणि उद्या सगळेच्या सगळे हजर. शेजारच्या गावाच्या फळीवर पान झटपट घेत, माणसाला उन्हात बसवून ठेवत नसत. तरी तिकडं कोणी गेलं नाही. आमच्या फळीवर त्याचा हाताखालचा माणूस पुडे तपासायचा, तो गोष्ट ऐन भरात आली की उठायचा आणि चांगले पुडे खराब म्हणून बाजूला टाकायचा. ते नंतर गुपचूप रांगेत लागायचेच, पैसे मात्र मिळायचे नाहीत. हरकत घ्यायला कोणाचं तोंड मोकळं नसायचं. तोंडं सगळी उघडी, पण गोष्टीकडं.

मेघाला मी म्हटलं, तुझ्या भाषणात हे घाल. उत्कंठा कशासाठी निर्माण करतात तेही घाल. कशी करतात एवढंच सांगितलं तर ते अर्धवट झालं.

आमच्याकडं हिवाळ्यात धान घरात आलं की दंडार व्हायची. नाटकासारखंच, गावातलेच लोक करायचे. तिथं राक्षस मांडवात आला की पहिल्यांदा आपलं नाव सांगायचा, गाव सांगायचा, मी अमक्याला मारणार म्हणून सांगायचा. लहान पोरालाही ठाऊक असायचं कोण मरणार. तरी मरायची वेळ आली की बाया पदर तोंडाला लावायच्या. माझा बापही रडायचा, दर वर्षी, त्याच जागी. त्या रडण्यात कोणी कोणाला फसवलेलं नव्हतं. मुनशीची गोष्ट ऐकताना कोणी रडलं नाही. मेलेल्या म्हाताऱ्यासाठी एक माणूस हळहळला नाही. सगळ्यांना हवं होतं ते एवढंच, मारलं कोणी. मेलेला म्हातारा गेला खड्ड्यात.

त्या काळात आमच्या जंगलात साहेब लोक शिकारीला यायचे. मी हाक्याला, म्हणजे जनावर हाकून द्यायला, गेलेलो आहे, म्हणून सांगतो. वाघाला बोलवायचं तर म्हशीचं पिल्लू झाडाला बांधतात. साहेब वर मचाणावर. पिल्लू ओरडत राहतं. वाघ त्या आवाजानं येतो. मला रहस्यकथेचं पहिलं पान तसं दिसतं. मुडदा म्हणजे ते बांधलेलं पिल्लू. लिहिणारा मचाणावर. आणि खाली जिभल्या चाटत येतो तो वाचणारा. पिल्लाचं काय झालं हे ना वरचा विचारतो ना खालचा. मी हाक्यावरून परत येताना ते पिल्लू पाहिलं आहे. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता तो दिवस.

मामाजीची एक सवय होती. पान घेऊन परत येताना नाल्यापलीकडूनच तो मोठ्यानं हाक मारायचा, "होऽ रे." कोणासाठी नाही, आपला असाच. त्या हाकेनं कौसल्या ओळखायची बाप आला, आणि मडक्यातलं पाणी ओतून ठेवायची. त्या दिवशी हाक आली नाही. ऊन डोक्यावर आलं, सगळे पुडे बांधायला बसले, मुनशीनं पुस्तक काढलं, तरी हाक नाही. कौसल्या मान वर करून नाल्याकडं पाहायची. तुळसाबुढी तिला म्हणाली, "पाह्यतं कायले? तुहा बाप मोहाखाली घोरत असन." कौसल्या हसली, पण पाण्याचा गडवा भरून ठेवला आणि त्यावर पान झाकलं.

गोष्टीत घरचा डॉक्टर एकटा बंगल्याच्या मागच्या खोलीकडं चालला होता. त्या खोलीत कोण आहे हे आम्हाला बरेच दिवस सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरचा हात कडीवर होता. तेवढ्यात नाकेदार आला.

नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा शिपाई. आमच्या नाक्यावरचा नाकेदार चांगला माणूस होता, गरीब स्वभावाचा. सायकल त्यानं झाडाला टेकवली नाही, टाकली. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. तो सरळ मुनशीपाशी गेला आणि कानाला लागला. मुनशीनं पुस्तकात बोट घातलं आणि ऐकलं. त्याच्या तोंडावरची एक रेघ हलली नाही. त्यानंही हळूच काहीतरी सांगितलं, आणि लांब उभ्या असलेल्या बंडीकडं बोट दाखवलं. फळीवर बंडी एकच, बैल सोडलेले, बंडीत वाळलेल्या पानांची पोती भरलेली. नाकेदार थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मग झाडाखाली येऊन बसला आणि पाणी मागितलं. कौसल्यानं बापासाठी भरून ठेवलेला गडवा त्याच्या हातात दिला. तो तिच्याकडं न पाहता प्याला.

मुनशीनं बोट होतं तिथून पुस्तक उघडलं. डॉक्टरनं कडी काढली.

आणि त्या दिवशी तो थांबला नाही. रोज जिथं थांबायचा तिथं थांबला नाही, पुढच्या जागीही नाही. दार उघडलं, खोली रिकामी निघाली, मग रक्ताचा रुमाल, मग तळघर, मग भावाचं खोटं. लोक खूश. आज मुनशीजीची तब्येत बरी आहे, असं कोणी म्हणालं. हात भराभर चालत होते, पुड्यांच्या रांगा वाढत होत्या. कौसल्या मध्येच उठली, नाल्याच्या दिशेनं चार पावलं गेली. मुनशीनं वाचणं न थांबवता, त्याच गोड आवाजात म्हटलं, "बाई, बसा. आत्ताच तर खुनी सापडणार."

ती बसली.

मेघाच्या भाषणात एक वाक्य आहे. गोष्टीतल्या माणसाला माहीत नाही आणि वाचणाऱ्याला माहीत आहे, तेव्हा उत्कंठा सगळ्यात जास्त. बरोबर आहे तिचं. त्या झाडाखाली कौसल्या होती ते गोष्टीतलं माणूस. ती वाक ओढत होती, गाठ मारत होती, कधी नाल्याकडं आणि कधी पुस्तकाकडं पाहत होती. आणि माहीत असलेले दोघं, तिच्याकडं न पाहणारा नाकेदार आणि वाचणारा मुनशी. तो मधून मधून नजर उचलून तिच्याकडं पाहत होता, ते मी पाहिलं. मला तेव्हा वाटलं, नव्या नवरीकडं पाहतो साला. आता वाटतं तसं असतं तर बरं होतं.

शेवटची रांग लागली. मुनशीनं पुस्तक मिटलं. खुनी सापडला नव्हताच, शेवटचं प्रकरण राहिलं होतं. त्यानं पुस्तक पेटीत ठेवलं, टोपी सारखी केली, आणि रोज 'बाकी उद्या' म्हणायचा त्याच आवाजात म्हणाला, कौसल्याबाईच्या वडिलांना नाल्याकाठी अस्वलानं धरलं आहे म्हणे. पोती उतरवा आणि बंडी घेऊन जा.

आम्ही बंडीची वाट पाहिली नाही. कौसल्या सगळ्यांच्या पुढं धावत होती. मामाजी नाल्याच्या उतारावर पालथा पडला होता. जिथं अस्वलानं धरलं ती जागा वर, जांभळीपाशी. तिथून खाली पाण्याकडं तो सरपटत आला होता, वाळूत लांब ओळ होती. एक हात पुढं, बोटं ओल्या वाळूत रुतलेली, पाणी तिथून हातभर. अंग गरम होतं. उन्हानं नाही, आतून गरम. ज्यानं मेलेल्या माणसाला हात लावला आहे त्याला हा फरक कळतो.

संध्याकाळी बंडीच्या मागं चालताना नाकेदार माझ्या बाजूला आला. रडत होता. म्हणाला, "मी पाह्यलं तवा बोलत होता तो. पोरीले बोलवा म्हने."

एवढं वर सांगायचं राहिलं होतं. लपवलं नाही, लिहवलं नाही.

मी त्याला विचारलं, मग तुम्ही बसले काऊन. त्यानं सांगितलं, मुनशी म्हणाला, लोकांना आत्ता कळलं तर सगळे पान टाकून पळतील आणि अस्वलाच्या भीतीनं उद्या कोणी येणार नाही. फळी आटोपली की बंडी देतो, तोवर काही होत नाही. एवढं सांगून नाकेदारानं सदऱ्यानं तोंड पुसलं. मग खाली मान घालून म्हणाला, "मी तुमाले सांगनार होतो, भाऊ. पन तो डॉक्टर दार उघडून राह्यला होता. म्हटलं, एवढं होऊ द्या."

मी त्याच्यावर हात उचलला नाही. उचलायला पाहिजे होता की नाही, याचा विचार मी आजही करतो. तो रोज गस्त सोडून गोष्ट ऐकायला यायचा, हे मला माहीत होतं. जंगलात मरणारा माणूस त्यानं डोळ्यांनी पाहिला होता, आणि कधी जन्माला न आलेल्या डॉक्टरनं त्याला झाडाखाली बसवून ठेवलं. तो माणूस वाईट नव्हता, म्हणूनच मला किळस येते. वाईट माणसाचं काय, तो गोष्टीशिवायही बसला असता.

एवढं लिहून झाल्यावर मेघाला वाचून दाखवलं. तिनं वही मांडीवर उघडली. मग म्हणाली, "आबाजी, तुमी तर शेवट सुरवातीलेच सांगून टाकला होता. तरी मी ऐकतच राह्यली. हीपन उत्कंठाच झाली ना?"

हुशार आहे पोरगी. मी म्हणालो, "नाई. तू म्हाताऱ्यापाशी बसून राह्यली. ते अलग हाय."

तिला पटलं की नाही माहीत नाही. पण तिनं वहीत काहीतरी खोडलं.

मामाजीला त्याच्या गावी नेऊन माती दिली. काही दिवसांनी आम्ही परत आलो. हंगाम सोडून चालत नव्हतं, आणि कौसल्याच म्हणाली, फळीवर जायचं. मला वाटलं होतं लोक त्या मुनशीला तोंड दाखवणार नाहीत. नाकेदारानं सांगितलेली गोष्ट गावभर झाली होती, सगळ्यांना सगळं माहीत होतं. आम्ही पोचलो तर बेहड्याखाली सगळे बसलेले, हात पुड्यांवर, आणि मुनशी पेटी उघडत होता. आम्हाला पाहून लोकांनी माना खाली घातल्या. एकदोन बाया कौसल्याच्या जवळ येऊन रडल्यासारखं करून गेल्या. मग कोणीतरी, अगदी हळू, जणू देवळात बोलतो तसं म्हणालं, "मुनशीजी, मंग कोन होता तो?"

माझ्या सासऱ्याची माती अजून ओली होती, आणि यांना बंगल्यातल्या म्हाताऱ्याचा खुनी पाहिजे होता.

मुनशीनं शेवटचं प्रकरण अजून राखून ठेवलं होतं. हंगामाचे बरेच दिवस बाकी होते, तो ते एकेक पान करून पुरवणार होता. तो वाचायला लागला तशी कौसल्या उभी राहिली. नवी नवरी, पुरुषांसमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी. म्हणाली, "मुनशीजी, थांबा. आधी शेवटचं पान वाचा."

मुनशी हसला. "बाई, शेवट आधी वाचला तर गोष्टीत राहील काय?"

तिनं त्याला उत्तर दिलं नाही. माझ्याकडं वळली. "तुमाले वाचता येते. तुमी वाचा."

मी गेलो आणि त्याच्या हातातून पुस्तक घेतलं. त्यानं ओढून धरलं नाही, एवढं नवल त्याला वाटलं असावं. शेवटचं पान काढलं आणि अक्षर अक्षर जोडत, शाळेत उभं केल्यासारखं, सगळं वाचलं. मारणारा मेलेल्याचा भाऊ होता, जो सगळ्यात जास्त रडत होता तो. रुमाल त्याचा. तळघराची किल्ली त्याच्याजवळ. पोलीस त्याला घेऊन गेले आणि बंगल्याला कुलूप लागलं. संपलं. मी पुस्तक पेटीवर ठेवलं.

वाळलेल्या पानांचा उन्हात कडकड आवाज येत होता, तेवढाच. मग तुळसाबुढी म्हणाली, "सारी मजा घालवली रे तुमी." तिच्यामागून सगळे सुरू झाले. काऊन सांगितलं. आमी एवढे दिवस कायले बसलो. एकानं आम्हाला जळकुकडे म्हटलं. बाप मेला तेव्हा या माणसांच्या तोंडून मुनशीविरुद्ध शब्द निघाला नव्हता, आणि आता आमच्या अंगावर धावून येतील असे लाल झाले होते. कौसल्या खाली बसली, पानं समोर ओढली आणि पुडा बांधायला लागली.

दुसऱ्या दिवशी बेहड्याखाली अर्धी माणसं नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. सगळे शेजारच्या फळीवर जायला लागले, जिथं पान झटपट घेत. मुनशीनं पेटीतून दुसरं पुस्तक काढलं म्हणे, पण कोणी बसेना. सगळ्यांनी एक केलं होतं, आता शेवट आधी विचारायचे. ठेकेदाराची माणसं आली, त्याच्यावर ओरडली, आणि पावसाच्या आधीच तो पेटी घेऊन बंडीत बसून गेला. जाताना आमच्या घरावरून गेला. टोपी सारखी केली त्यानं, तेवढंच.

मी कौसल्याला विचारलं होतं, तुला हे सुचलं कसं. ती म्हणाली, "माह्या बापासाठी हे लोक उठले नसते. म्हनून गोष्टच संपवली."

त्यानंतर जन्मभर तिनं कोणतीही गोष्ट शेवट विचारल्याशिवाय ऐकली नाही. दिवाकर लहान असताना शाळेतलं सांगायला लागला की, आधी सांग, पास का नापास. शेजारीण धापा टाकत आली, अवं तुले समजलं का म्हणाली, की ही म्हणायची, कोन मेलं ते आधी बोल. मेघा आजीला मोठ्या कौतुकानं टीव्हीवरचं गुन्ह्याचं काहीतरी दाखवायची. ऐन वेळी साबणाची जाहिरात लागली की कौसल्या उठून भात ठेवायला जायची. मी उठून जायचो ते थुंकायला. हा मुनशी तर घराघरात रोज बसतो, आणि त्याची पेटी आपणच विकत आणतो.

गेल्या हिवाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. दिवाकर तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर चांगले होते, पण तिच्यासमोर एक बोलायचे आणि दिवाकरला बाहेर नेऊन दुसरं. रिपोर्ट येऊ द्या. अजून एक फोटो काढू. बघू. रोज असं एक प्रकरण व्हायचं आणि अडकलेल्या जागी तुटायचं. मग एक दिवस सगळं कळलं. दिवाकरनं मला जिन्यापाशी नेलं, डोळे पुसले आणि म्हणाला, बाबा, आईला सांगू नका, तिला आशा राहू द्या. पोरगा वाईट नाही. मायेनंच बोलत होता. पण मला समोर बेहड्याचं झाड दिसायला लागलं आणि पुस्तकात घातलेलं बोट.

तो खाली चहा आणायला गेला. मी आत गेलो. ती खिडकीकडं तोंड करून पडली होती. मी बसलो तशी म्हणाली, "दिवाकरचं तोंड मुनशीसारखं झालं हाय."

मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमी शेवटचं पान वाचलं का?"

"वाचलं."

"मंग वाचा."

मी वाचलं. तेव्हासारखंच, अक्षर अक्षर जोडत. काय झालं आहे, कुठपर्यंत पसरलं आहे, काय होणार नाही. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, तिचं नाही, माझं. म्हणाली, "बरं. चाला घरी. राह्यलेलं घरी करू."

दिवाकर चिडला, रडला, मग त्यानंच गाडी सांगितली.

घरी तिनं राहिलेलं केलं. मेघाला नाकातली चमकी दिली आणि ती कशी घालायची ते शिकवलं. एका बाईशी बरीच वर्षं बोलणं नव्हतं, तिला बोलावून घेऊन आधी भांडली आणि मग तिच्या हातचा भात खाल्ला. दिवाकरला जीप करायला लावून नाल्यावर गेली. आता तिथं पूल आहे, जांभळी नाही. ती वाळूत बसली, ओली वाळू हातात घेतली आणि थोडा वेळ धरून ठेवली. परत येताना पुलावरून, कोणासाठी नाही, आपली अशीच, बारीक आवाजात हाक मारली, "होऽ रे." ड्रायव्हरनं गाडी थांबवली, त्याला वाटलं काही पाहिजे. मी म्हणालो, काही नाही, चाल.

माघाच्या एका दुपारी ती गेली, तिच्याच खाटेवर, अंगणात ऊन होतं तेव्हा. दुखत होतं खूप, ते खोटं कशाला लिहू. पण तिनं ज्यांना ज्यांना बोलवा म्हटलं होतं, ते सगळे आले होते.